इक्बालनं कुलूप लावलेलं पान

इक्बाल गेल्याचं मला त्याच्या धाकट्या भावानं फोनवर सांगितलं. मी पुसदच्या कोर्टात, बाररूममध्ये बसले होते. "ताई, भाई गेले... झोपेतच," एवढंच तो बोलला. मी "येते" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, इक्बालशी माझं बोलणं बंद होऊन दोन वर्षं झाली होती.

यवतमाळच्या लॉ कॉलेजात आम्ही सोबत शिकलो. तो आर्णीच्या मेकॅनिकचा मुलगा, मी पुसदजवळच्या तांड्यावरची. वकिली सुरू झाल्यावर माझा मावसभाऊ डॉक्टरकी शिकायला चीनला गेला आणि तिथल्या विद्यापीठानं त्याची मूळ कागदपत्रं अडकवून ठेवली. कोणत्या कायद्यानं, हे इथं कोणालाच सांगता येईना. इक्बाल म्हणाला, "कायदा आहे म्हणजे कुठंतरी छापला असनच. पाहू." मग आम्ही शोधत बसलो. इंग्रजी भाषांतरं सापडत, पण ती जुनी. मधल्या काळात कायदाच बदललेला असे. शेवटी इक्बालनं वाट काढली. कायद्याचं चिनी नाव उचलायचं, ते तिथल्या सरकारी संग्रहात टाकायचं आणि कलम ताडून पाहायचं. नियम सापडला, आम्ही त्यावर अर्ज लिहिला आणि भावाची कागदपत्रं परत मिळाली.

त्यातूनच आमचं वेबसाइटवरचं पान जन्मलं. चीन, जपान, कोरिया, व्हिएतनाम, मलेशिया... कुठल्या देशाचा कायदा इंटरनेटवर कुठं फुकट वाचता येतो, कोणतं भाषांतर भरवशाचं, निकाल कुठं मिळतात, सारं मराठीत. दुवे तो शोधायचा, मी लिहायचे. काल उघडणारा चिनी न्यायालयांचा संग्रह आज उघडत नसे, म्हणून दर रविवारी मी एकेक दुवा तपासायचे. परदेशी शिकणाऱ्या, जहाजावर नोकरी करणाऱ्या पोरांचे आईबाप आम्हाला फोन करत. पान कायम खुलं ठेवायचं, असं आमचं ठरलं होतं... त्यानंच ठरवलं होतं.

मग एक दिवस मुकुटबनहून एका बाईंचा फोन आला. "ताई, तुमचं पान उघडत नाही. पासवर्ड मागून राह्यलं." मी पाहिलं. दुवा आता नागपूरच्या एका क्लासवाल्यांच्या साइटवर जात होता; फी भरून आत गेले, तर आमचं सगळं पान तिथं होतं. माझी वाक्यं, माझे स्वल्पविराम. वर इक्बालचा कोट घातलेला फोटो, खाली लेखक म्हणून त्याचं एकट्याचं नाव.

मी आर्णी गाठली. त्याच्या धाकट्या भावाच्या गॅरेजवरच्या खोलीत इक्बाल बसला होता. मी विचारलं, "मले विचारलं काहून नाही?"

तो शांतपणे म्हणाला, "विचारलं असतं त तू नाही म्हटलं असतं."

"मग त नव्हतंच द्यायचं."

"सुनीता, लोक मले अजून मेकॅनिकचा पोरगाच म्हणतात. एकदा तरी नाव व्हावं वाटलं."

त्याची ती भूक मला कळत होती, म्हणूनच जास्त लागलं. माझ्या नावाची भूक त्याला दिसलीच नव्हती. मी पायऱ्या उतरले, ती थेट त्याच्या मातीलाच गेले.

तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी भाभी, इक्बालच्या पत्नी, मला जवळ बसवून म्हणाल्या, "आपकी तारीफच करते थे हमेशा." घरात त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, मी कामाच्या धबडग्यात येत नसेन. मी मान हलवली. वाटलं होतं, निदान या दोन वर्षांत कोणाजवळ तरी तो काही बोलला असेल... नव्हता बोलला. क्लासवाल्यांच्या साइटवर त्याचा फोटो अजून हसतोय.

मी आता दुसरं पान करते आहे, पहिल्या ओळीपासून. परवा पुसदची एक विद्यार्थिनी शेजारी बसली होती. चिनी कायदा उघडला की माझा हात आपोआप तळाशी जातो, शेवटच्या कलमावर. कायदा कधीपासून लागू झाला, त्यानं कोणता जुना कायदा मोडीत निघाला, हे बहुधा तिथं लिहिलेलं असतं. तिनं विचारलं, "मॅडम, शेवटून वाचायचं तुम्हाले कोणी शिकवलं?"

मी इक्बालचं नाव सांगितलं... पूर्ण, वडिलांच्या नावासकट.