खल्फानचा कान

ओमानच्या डोंगराखालच्या आमच्या गावात खल्फानच्या कानाला भारी मान. तीस वर्षं शाळेची बस चालवलेली, इंजिनात काय बिघडलंय ते बसल्या जागी ओळखायचा. म्हणून खजुरीच्या बुंध्यात सोंड्या भुंग्याची अळी कुरतडतेय का, हे ऐकायचं काम गावानं त्यालाच दिलं. आवाज आला की बुंध्याला तांबडा फडका. दुसऱ्या दिवशी ते झाड कापून जाळायचं, नाहीतर सगळी बाग जायची.

रमजानचा महिनाभर त्याला एकही अळी सापडली नाही. "किड्यांनीसुद्धा रोजे धरलेत," तो छाती फुगवून सांगायचा, आणि आम्ही मूर्ख माना डोलवायचो.

ईदला मात्र एका सकाळीत तीन फडके! एक माझ्या झाडाला. मी कपाळ बडवून गप्प बसलो. शेवटचा झुवैनाच्या झाडाला. नवऱ्यानं मरायच्या वर्षी लावलेलं, तिचं एकुलतं एक झाड. ती कसली गप्प बसतेय!

दुसऱ्या दिवशी खल्फान करवत घेऊन आधी तिच्याच दारी आला, मदतीला मीही होतो. दारी आलेल्याला कॉफी आणि बदाम भरलेला खजूर दिल्याशिवाय आमच्याकडे कामाचं बोलत नाहीत. त्यानं खजूर तोंडात टाकला. झुवैना त्याच्या जबड्याकडे बघत राहिली.

"खल्फानभाऊ, परत ऐक बरं."

त्यानं कान लावला. "हे काय, कुरूमकुरूम चाललंय की!"

"तोंडातलं थुंक."

"अगं, ईदचा खजूर!"

"थुंक म्हणते ना!"

थुंकला. पुन्हा कान लावला. तोंड एवढंसं झालं. "काहीच नाही गं."

"रोजे तुझे होते मेल्या, किड्यांचे नव्हे!" तिनं फडका ओरबाडून काढला. माझंही झाड वाचलं होतं; मी तर हसून हसून खालीच बसलो.

"आता तुझं झाड ऐक," ती म्हणाली.

खल्फान जन्मला त्या दिवशी बापानं लावलेलं ते झाड. त्याला त्यानं कधी कानच लावला नव्हता. "माझ्या झाडाला काय धाड भरलीय?"

"तोंड रिकामं आहे तोवर ऐक."

आम्ही तिघं त्याच्या अंगणात गेलो. त्यानं कान लावला. मग दुसरा लावला. बुंध्याभोवती फिरून पुन्हा पहिला. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

वळून न बघताच त्यानं हात पुढे केला. "झुवैना, एक बदामाचा खजूर दे ना."

तिच्या हातात तो तांबडा फडकाच होता. त्यानं तोच घेतला. बुंध्याला गाठ काही केल्या बसेना, तेव्हा मी गाठीवर बोट धरलं.