होडी, लिंबू आणि कोरे टायर

बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने होडी घेऊ नये. मी घेतली. तीही जुनी, कारमागे जोडायच्या ट्रेलरसकट, 'फार वापरलेली नाही' असं ऐकून. (मीही वापरली नाही.) गेली कित्येक वर्षं ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये निळी ताडपत्री पांघरून पडली होती. ट्रेलरची दोन चाकं तेवढी ताडपत्रीबाहेर, दुपारच्या उन्हात.

टायरची निगा राखली नाही, असं मात्र कोणी म्हणू नये! दर दसऱ्याला मी ते पुसायचो, काळंभोर पॉलिश फासायचो, हळदकुंकू लावून झेंडूचा हार घालायचो. हवा बघायची तेवढी राहून जायची.

श्रावणात आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे अनघाने, निर्वाणीचं सांगितलं.

"अहो, येत्या रविवारी ही होडी पाण्यात दिसली नाही, तर सोमवारी भंगारवाला येईल. सांगून ठेवलंय मी त्याला."

जीव होता हो माझा त्या होडीत!

"रविवारी तुझ्या माहेरी नेतो, भाटघरच्या पाण्यावर!"

"टायरना भेगा पडल्यात."

"माझ्या टाचांनाही पडल्यात. चालतोय ना मी?"

"तुमच्यावर होडी ठेवलेली नाही."

एवढ्यात सेक्रेटरी साठेकाका आले. आमच्या पार्किंगवर त्यांचा फार पूर्वीपासून डोळा!

"टायर किती वर्षांचे?"

"नक्षी बघा ना काका, कोरी करकरीत!"

"कोरीच राहणार. फिरलेत कुठे? टायर उभ्या उभ्याही मरतात. पाच-सहा वर्षं झाली की बदलायचे. नक्षी नाही, वय बघायचं. बाजूला छापलेलं असतं."

मी बाजूला बघितलं. माझ्याच पॉलिशच्या थरांखाली वय गडप झालं होतं.

रविवारी साठेकाकांचाच पंप मागून आणून हवा भरली. निम्मीच. म्हाताऱ्या टायरना जास्त सोसणार नाही, असा मी दयाळू विचार केला. (शिवाय मला धाप लागली होती.) सगळी सोसायटी निरोपाला खाली जमली. अनघाने नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. मी स्टिअरिंगला नमस्कार केला आणि गाडी पुढे घेतली.

फटाक्!

धावत जाऊन बघतो तर टायर फुटलेला आणि लिंबू शाबूत!

"आता लिंबालाच हार घाला," साठेकाका म्हणाले.

"घाबरू नका, स्टेपनी आहे!" मी ओरडलो. "एकदम नवी! कधी काढलीसुद्धा नाही!"

कधी काढली नव्हती म्हणजे तीही त्याच वयाची होती, हे मला कात्रजच्या चौकात कळलं. ऐन गर्दीत! मागे बसगाड्यांचे भोंगे, पुढे मी, मधे आडवी झालेली होडी. एक रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणाला, "काका, धरण पुढं हाय!" मला अक्षरशः रडू फुटायचं बाकी होतं. अनघा शांतपणे फुटपाथवर बसली आणि तिने डबा उघडला.

शेवटी टेम्पोत घालून होडी परत पार्किंगमध्ये आणली, ट्रेलर विटांवर चढवला. सोमवारी सकाळी भंगारवाला आलाच. मी तोंड फिरवून उभा राहिलो. त्याने होडीला हात घातला, इतक्यात वरून आवाज आला.

"थांबा!" साठेकाका चक्क धावत जिना उतरले. "सोसायटीचा विसर्जनाचा हौद गळतोय. ही होडी गळते का?"

"मुळीच नाही!" मी छाती फुगवून म्हणालो. खरं तर मला ठाऊकच नव्हतं.

त्यांनी नळी लावून होडी काठोकाठ भरली. थेंबही गळला नाही. मी आशेने अनघाकडे बघितलं.

"होडी पाण्यात नाही, पण पाणी तरी होडीत आहे. चला, राहू दे," ती म्हणाली.

अशी माझी होडी वाचली. विसर्जनाच्या दिवशी ढोल-ताशे वाजले, गुलाल उधळला गेला, 'पुढच्या वर्षी लवकर या' झालं. आजवर माझ्या होडीत एकच प्रवासी बसले, साक्षात बाप्पा.

तेसुद्धा बुडाले!