इंदूसिस्टर आणि माझी झाकली मूठ

इंदूसिस्टर नमस्कार करत नसत. समोर आलेल्याचा उजवा हात सरळ आपल्या हातात घ्यायच्या, पालथा करायच्या आणि बोटांच्या मुळाशी असलेली हाडं एकेक करून दाबून पाहायच्या. दवाखान्याच्या प्लास्टरच्या खोलीत तीस वर्षं काढलेल्या बाईची ती सवय होती. निवृत्तीनंतर त्या गावाशेजारच्या मावल्याला राहायच्या आणि आमच्या आदिलाबादच्या शाळेत मुलींना प्रथमोपचार शिकवायला आल्या होत्या. मी शाळेचा पीटी सर. कराटेचा काळा पट्टा काचेच्या चौकटीत घालून दर्शनी खोलीत लावलेला माणूस. त्यांनी माझाही हात दाबून पाहिला आणि म्हणाल्या, “मास्तर, हा हात अजून मोडला नाई वाटते.” स्वरात किंचित निराशा होती. ही बाई मला त्याच क्षणी आवडेनाशी झाली.

मी मैदानावर मुलींना मूठ वळायला शिकवत होतो. सिस्टर पदर खोचून मध्येच उभ्या राहिल्या. “मूठ काऊन वळून राह्यल्या, पोरीहो? मुठीनं तोंडावर मारलं त मार खाणारा घरी जाते अन् मारणारा माह्याकडं येते. प्लास्टर कराले.” मी हसून म्हणालो, “पाची बोटं एक झाली की मूठ होते, सिस्टर. एकीचं बळ.” त्या म्हणाल्या, “एकी चांगलीच हाय. पण दणका बसला की पयले करंगळीवालं हाड जाते. एकत्र घरात लहान्या सुनेचं होते तसं.” मुली खदखदून हसल्या. माझ्या पंधरा वर्षांच्या शिकवणीत त्या अशा कधी हसल्या नव्हत्या.

मग त्यांनी आपली रीत दाखवली. “थापड मारू नका, थापडेनं माणूस पिसाळते. बोटं मांगं करा. मनगटापाशी हा जाड भाग हाय ना, ज्यानं भाकरीचं पीठ रगडता, तो द्या हनुवटीखालून वरतं. अन् मंग पळा. आपल्याले जितायचं नाई, सुटायचं हाय.” ओरडायचं तेही शिकवलं. “सोड, वदुलु, छोडो. तिन्ही भाषेत बोंबला. आपल्या गावात कोणती ना कोणती त कळतेच.”

पुढच्या रविवारपासून त्यांच्या अंगणात मुलींची गर्दी होऊ लागली आणि माझ्या वर्गात सात उरल्या. त्या सातांतही माझी समीक्षा नव्हती. माझी एकुलती एक लेक तेव्हा दहावीत होती. लहानपणी माझा पट्टा कमरेला गुंडाळून घरभर हिंडायची. आता ती सिस्टरकडे जात होती आणि घरी येऊन ज्वारीचं पीठ मळत होती. आईनं चार वर्षं विनवूनही स्वयंपाकघरात न फिरकलेली पोरगी परातीवर तुटून पडायची. विचारलं तर म्हणायची, “सिस्टर म्हणतात, हाच रियाज.” भाकरी मऊसूत व्हायच्या. मी त्या खायचो आणि मीठ कमी आहे म्हणायचो. मत्सरच होता तो, दुसरं नाव देण्यात अर्थ नाही.

एका शनिवारी मी ठरवलं, मुठीची ताकद आज दाखवूनच द्यायची. मैदानात दोन विटांवर छपराचे कवेलू रचले. नेहमी दोन ठेवायचो, त्या दिवशी समीक्षा बघत होती म्हणून तीन ठेवले. ठोसा मारला. तिन्ही कवेलू फुटले, टाळ्या पडल्या आणि करंगळीपासून कोपरापर्यंत एक कळ गेली. हात खिशात घातला, हसत हसत फाटकाबाहेर पडलो. एकट्यानं दवाखान्यात जायची सोय नव्हती. रांगेत कुणी ना कुणी ओळखीचं भेटणार आणि गावभर होणार. गेलो ते सिस्टरच्या दारात.

त्यांनी हात पाहिला. “करंगळीवालं,” एवढंच म्हणाल्या. स्वतः सोबत येऊन मागच्या दारानं एक्स-रे काढवला, त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या माणसाकडून प्लास्टर करून घेतलं. मी म्हणालो, “सिस्टर, शाळेत...” त्या म्हणाल्या, “झाकली मूठ सव्वा लाखाची, मास्तर.” सोमवारी त्यांनी शाळेत सांगितलं की मास्तर गाडीवरून घसरले. तोंडभर हसायची आयती संधी होती, तिला त्यांनी हातही लावला नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. आता द्वेष करायलाही तोंड उरलं नव्हतं, आणि तरी तो जात नव्हता.

प्लास्टर निघायच्या आधीच ते घडलं. समीक्षा मामाकडून येत होती. गुडीहत्नूरच्या बस स्टँडवर एकानं तिचं मनगट धरलं. तिनं दुसऱ्या हाताचा तळवा त्याच्या हनुवटीखाली दिला, “वदुलु!” म्हणून किंचाळली आणि धावत चहाच्या टपरीवरच्या माणसांत जाऊन उभी राहिली. माणूस पळाला. ती घरी आली तेव्हा तळहात लाल होता, हाड एकही दुखावलं नव्हतं. मी तिला जवळ घेतलं. देवाचे आभार मानले, आणि सिस्टरचे मानायचे टाळले.

शाळेच्या प्रार्थनेला मोठ्या बाईंनी तिला पुढे बोलावून विचारलं, “हे तुला कुणी शिकवलं?” सिस्टर पहिल्या रांगेत खुर्चीवर बसल्या होत्या. समीक्षा म्हणाली, “बाबांनी.” सगळी शाळा टाळ्या वाजवायला लागली. सिस्टरही. मी प्लास्टरचा हात छातीशी धरून उभा राहिलो आणि त्या टाळ्या घेतल्या. खरं सांगतो, त्या दिवशी मला आनंद झाला. वाटलं, शेवटी पोरगी माझीच.

माझा वर्ग पुन्हा भरला. उघड्या हाताची रीत मी आपली म्हणून शिकवू लागलो. सिस्टर कधी बाजारात भेटल्या की माझा हात धरायच्या, करंगळीचं हाड दाबायच्या आणि विचारायच्या, “जुळलं नं नीट?”

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. मावल्याच्या त्या अंगणात मुलींना उभं राहायला जागा नव्हती. काहींच्या कडेवर लेकरं होती. आपल्या वेळी इतक्या येतील का, असा विचार तिथंही माझ्या मनात आलाच. परतताना समीक्षा, आता कॉलेजात जाणारी, गाडीवर मागे बसून रडत होती. मध्येच म्हणाली, “बाबा, तेव्हा मी तुमचं नाव घेतलं ना, ते त्यांनीच सांगितलं होतं. म्हणाल्या, ‘कोणी विचारलं त बापाचं नाव सांगजो. हात त मोडलाच हाय त्याचा, आता मन कायले मोडतं?’”

मी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली.

सोमवारी नव्या मुलींचा वर्ग होता. मी एकेकीचा हात घेतला, पालथा केला, हाडं दाबून पाहिली. एक मुलगी म्हणाली, “सर, तुमची मूठ दाखवा ना.” मी मूठ वळली. चारच्या जागी तीनच उंचवटे दिसतात, करंगळीचा आत बसलाय. तिनं विचारलं, “चौथा कुठं गेला?”

मी मूठ उघडली आणि त्यांना इंदूसिस्टरचं नाव सांगितलं. मग म्हणालो, “आणि मी गाडीवरून घसरलो नव्हतो.”