मावशींना मी हाक मारली

अंबरनाथ पूर्वेला, पालेगावच्या वाटेवर एक लग्नाचा हॉल आहे. तिथे मी सात वर्षं मॅनेजर होते. बुकिंग घेणं, केटररशी डोकं लावणं ही माझी कामं. पण हॉल चालायचा मावशींच्या जिवावर. त्या खरवईहून यायच्या. भटारखाना आणि बाथरूम त्यांच्याकडे. आचारी गेले की लादीवरच्या तेलकट थरावर गरम पाणी आणि सोडा ओतून त्या खराट्याने घासत बसायच्या, मोरीच्या जाळीतला भात हाताने काढायच्या. समारंभ चालू असला की तासातासाला बाथरूमची फेरी. त्यांच्या कामाबद्दल कधी तक्रार आली नाही.

मग त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. मालकांनी एक रिकामी तारीख त्यांना दिली. मावशी माझ्याकडे आल्या.

"ताई, एकच मागणं हाय. त्या दिवशी मला कुणी कामाला बोलवू नका. मी काय करते ते पोरीच्या सासरी ठाऊक हाय, पण त्या दिवशी नको."

"हातात झाडू दिसला तर मीच हाकलून देईन," मी म्हटलं. दोघी हसलो. जाताना त्यांनी मला लग्नात नेसायला साडी दिली, मोरपिशी रंगाची.

त्या दिवसासाठी मी उल्हासनगरहून सफाईला दोन बायका सांगितल्या होत्या. एक आलीच नाही. दुसरी भटारखान्यात अडकली. मुहूर्ताला दहा मिनिटं असताना नवऱ्यामुलाची आत्या काउंटरवर आली.

"अहो, बायकांच्या बाथरूममधलं पाणी बाहेर येतंय. काय व्यवस्था आहे ही?"

मी जाऊन पाहिलं. कुणीतरी बाळाचा डायपर संडासात टाकला होता. पाणी उंबऱ्याशी आलेलं. प्लंबर फोनवर म्हणाला, यायला अर्धा तास लागेल. तुंबलेलं काढायची सळई कुठे असते, हातमोजे कुठे असतात, सगळं मला माहीत होतं. मी अंगावरच्या नव्या साडीकडे पाहिलं आणि हॉलमध्ये गेले.

मावशी स्टेजसमोर उभ्या होत्या, मुठीत अक्षता. मी त्यांच्या कानाशी वाकले.

"मावशी, जरा येता का? दोनच मिनिटं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अक्षता शेजारच्या बाईच्या हातात दिल्या आणि माझ्या मागून आल्या. पदर खोचला, बांगड्या कोपराकडे सरकवल्या. मी हातमोजे शोधेपर्यंत त्यांचा हात आत गेलाही होता. तेवढ्यात स्पीकरवर मंगलाष्टकं सुरू झाली.

"मावशी, राहू द्या. जा तुम्ही."

"आता हात भरलेत ताई. असल्या हातानं कुठं जाऊ?"

पाणी खळखळत उतरलं तेव्हा बाहेर ताशा वाजत होता. मावशींनी साबणाने तीनदा हात धुतले, वास घेतला, पुन्हा धुतले. मग स्टेजवर गेल्या. मुलीने आईच्या साडीचा भिजलेला काठ पाहिला आणि गर्दीतून थेट माझ्याकडे पाहिलं.

मावशींनी त्यावरून कधी शब्द काढला नाही. चौथ्या दिवशी कामावर हजर झाल्या. फक्त 'ताई' म्हणायच्या, ते 'मॅडम' म्हणू लागल्या. दोनेक महिन्यांनी काम सोडलं, घराजवळच्या एका सोसायटीत लागल्या.

बरेच दिवस टाळून शेवटी मी खरवईला त्यांच्या घरी गेले. मुलगी माहेरी आली होती. तिने माझ्याकडे न बघता चहा पुढे ठेवला. मावशींनी हॉलची चौकशी केली, नवी बाई जाळ्या काढून धुते का, असं विचारलं.

"मावशी, त्या दिवशी माझं चुकलं. मी स्वतः करायला हवं होतं."

"छे हो. तुमच्यासाठी थोडीच गेले? पाहुणे आमचे व्हते. बोल माझ्याच लेकीला लागला असता."

"आई, खोटं नको बोलू," मुलगी म्हणाली. "मी पहिल्यांदा माहेरी आले, तेव्हा अक्षता टाकायला मिळाल्या नाहीत म्हणून किती रडलीस."

मावशींनी तिला डोळ्यांनीच गप्प केलं आणि बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवली. मी एक उचललं. ते हातातच राहिलं.

त्यानंतर खरवईला जायचा धीर मला झालेला नाही.