दादाने थेंब का सोडले

डोळ्यांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. उंदराच्या डोळ्यातला पडदा अलगद सोडवायचा, काचपट्टीवर पसरायचा, आणि दृष्टीची नस दुखावल्यावर कोणत्या पेशी मेल्या, कोणत्या तगल्या ते बघायचं. त्या पेशी एका जातीच्या नसतात. काही लगेच मान टाकतात, काही चिवट निघतात. हा चिवटपणा बाकीच्यांत आणता येईल का, यासाठी सगळा खटाटोप.

पण एकदा घरी सगळे जेवायला बसले असताना ती ऐटीत म्हणाली, "आमच्याकडे मेलेली नस पुन्हा वाढतेय!" सगळे बघतच राहिले. तिचा दादाही. तो रंगारी होता आणि त्याला काचबिंदू होता; त्यात डोळ्यांतला दाब वाढून हीच नस हळूहळू मरते, म्हणून त्याला रोज थेंब घालावे लागत.

पुढे एका घरी दादाने रंगवलेल्या भिंतीचा दाराकडचा हातभर पट्टा कोराच राहिला. मालकाने बोट ठेवून दाखवेपर्यंत त्याला तो दिसला नाही. वहिनीने त्याला दवाखान्यात नेलं. हीसुद्धा सोबत गेली.

"डोळ्यांतला दाब एवढा कसा वाढला? थेंब घालता ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सोडले. फार झोंबायचे," दादा म्हणाला. "म्हटलं, बहीण नवी नस उगवून देणारच आहे."

ती मेल्याहून मेल्यासारखी झाली.

"गेलेली नजर आज तरी परत आणता येत नाही," बाई म्हणाल्या. "उरलेली राखायची."

बाहेर बाकावर तिने कसंबसं तोंड उघडलं. "दादा, मी बढाई मारली रे. ते उंदरांत झालंय. तेही मोजक्या पेशींचे धागे थोडेसे वाढले, एवढंच."

"मग तसं सांगायचं ना."

"तसं सांगितलं असतं तर कोणी ऐकलं नसतं."

"मी ऐकलं असतं," दादा म्हणाला.

वहिनी पिशवीत काहीतरी शोधत होती. मान वर न करता म्हणाली, "यांनी तर शेजारपाजाऱ्यांनाही सांगून टाकलं होतं."

आता दादा मधली भिंत रंगवतो, कडा त्याचा जोडीदार. नजर होती तिथेच टिकून आहे. संध्याकाळी ती थेंब घालायला जाते. वहिनी म्हणते, "मी घालते की, कशाला हेलपाटे?" तरी ती जातेच. दादा मान मागे टाकून, डोळे मिटून म्हणतो, "या, डॉक्टरीणबाई." त्याच्या मनात काही नसतं. तिचा चेहरा मात्र उतरतो, आणि डोळे मिटलेले असल्याने त्याला ते कळत नाही.