उत्तराचे दगड

बये, तुझे दगड अजून माझ्याकडेच आहेत. रागावू नकोस, आधी ऐकून घे. लोक तुझ्याबद्दल तिखटमीठ लावून काहीबाही सांगतात, म्हणून जे झालं तेवढंच लिहून टाकते. तोंडावर कौतुक तुला कधी खपलं नाही, तेव्हा तिऱ्हाइताची गोष्ट असल्यासारखं सांगते.

जिन्याखालच्या अरुंद खोलीत ती तंबू आणि पाठपिशव्या शिवायची. सुट्टीच्या दिवशी लोकांना घळीतून डोंगरावर न्यायची. पुढे ती, सगळ्यात मागे तिचा दीर. घळ म्हणजे दोन कड्यांमधली उभी फट, वर सुटे धोंडे. कुणी ओरडलं की कोसळायचे. म्हणून तिथे हाका बंद. शेवटच्याने दोन दगड एकमेकांवर आपटायचे, म्हणजे मागे सगळं ठीक. पुढच्याने तसंच उत्तर द्यायचं. मागून वाजलं नाही, तर थांबायचं.

त्या दिवशी धाकट्या जावेने दार अडवलं.

"जाऊबाई, ह्यांचा गुडघा कुरकुरतोय. आज राहू द्या ना."

"अगं, तुझा नवरा मागून रमतगमत येतो. मरमर चढते ती मी."

"हसण्यावारी नेऊ नका. नेताय तसे परत आणा."

"आणते बाई. ओरखडाही न पडता."

अर्ध्या वाटेत धुकं उतरलं. मागून ठकठक आली, तिने उत्तर दिलं. पुन्हा आली, जरा जवळून. आज भाऊजींना भलताच हुरूप आलाय, असं पुटपुटत ती चढत राहिली. माथ्यावर एकेकाला हात देऊन तिने वर ओढलं. शेवटी आला बँकेतला कारकून. त्याच्यामागे कुणीच नाही.

"भाऊजी कुठायत?"

"ते खालीच बसले, कुंडापाशी. घसरले, गुडघा दुखावला."

"आणि हे आत्ता सांगताय?"

"ओरडायचं नाही म्हणालात. शिवाय तुम्ही उत्तरं देत होतात. म्हटलं, तुमचं त्यांचं चाललंय."

बाकीच्यांना पलीकडच्या सोप्या वाटेने पिटाळून ती एकटी उलटी उतरली. जावेचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. उतरताना दगड वाजवत होती आणि उत्तर येत होतं, त्यामुळे जिवात जीव होता. मग लक्षात आलं, उत्तर आता वरून येतंय. तिच्या पाठीमागून.

दीर कुंडाच्या कडेला बसला होता. गुडघा टम्म सुजलेला, पण बाकी धडधाकट.

"भाऊजी, वाजवत होतात ना तुम्ही?"

"कशाने वाजवू, वहिनी? पडलो तेव्हाच दगड पाण्यात गेले. नुसती तुमची उत्तरं ऐकत बसलोय. कुणाला देत होतात एवढी?"

वर धुक्यात ठकठक झाली. सवयीने तिचा हात उचलला गेला. दिराने मनगट धरलं.

"नका देऊ."

तिने दिलं नाही. त्याला खांद्याचा आधार देऊन ती उतरत राहिली. घळीच्या तोंडापर्यंत ठकठक मागे आली, मध्येच थांबत, वाट पाहिल्यासारखी.

घरी जावेने सुजलेला पाय पाहिला. "हा ओरखडा का, जाऊबाई?"

एरवी फाडकन बोलणारी ती, हळदीचा लेप करायला आत गेली. पुन्हा घळीत गेली नाही. दारावर टकटक झाली तरी 'कोण' विचारायची नाही, सरळ उठून दार उघडायची.

शेवटच्या आजारात तू ते दगड माझ्या हातात ठेवलेस. "घळीच्या तोंडाशी ठेवून ये. वाटेत एकमेकांना लागू देऊ नकोस." मी हो म्हटलं. जायचं राहिलंय ते राहिलंच आहे. तोवर एक स्वयंपाकघरात ठेवलाय, दुसरा पार पुढच्या खोलीत.