गाडी कुणी बांधली, हे विचारणाऱ्या कुमुदताई

प्रा. कुमुद ओव्हाळ यांना मी प्रथम पाहिले ते नारायण पेठेतील माझ्या सायबर कॅफेत. उदारीकरणानंतर पुण्यात सॉफ्टवेअर कंपन्या येऊ लागल्या होत्या. त्यांपैकी एकीने नोकरीवर घेईपर्यंत मी घराच्या पुढच्या खोलीत संगणक मांडून बसलो होतो. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक परदेशातील मुलांना ई-मेल करणारे आईवडील. एके सकाळी फिक्या निळ्या सुती साडीतील एक मध्यमवयीन बाई आल्या आणि त्यांनी एक छायाचित्र उघडायला घेतले. तेव्हा चित्र पडद्यावर वरून खाली, पट्टीपट्टीने उतरत असे. आधी आभाळ आले, मग दूरचे डोंगर, मग शुभ्र जमीन. शेवटी माशासारखे लांबट, निमुळते असे काहीतरी धातूचे दिसू लागले.

“विमान आहे का हो?” मी मागून विचारले.

“मोटार आहे. पंख दिसले तर मलाही दाखवा,” मान न वळवता त्या म्हणाल्या.

मग माझ्याच दुकानात मला खुर्ची ओढून बसायला सांगून त्यांनी समजावले. स्ट्रीमलायनर म्हणजे फक्त सरळ रेषेत, शक्य तितक्या वेगाने धावण्यासाठी बांधलेली गाडी. वारा अडू नये म्हणून तिची चाकेसुद्धा कवचाच्या आत असतात. अमेरिकेत मिठाच्या कोरड्या, सपाट मैदानावर अशा गाड्या वेगाचे विक्रम करतात. हंगाम संपला की इंजिन एकाकडे जाते, सांगाडा दुसऱ्याकडे. तिसरा कुणी रंग बदलतो, नाव बदलतो. काही वर्षांनी मूळ गाडी कोणती, ती कुणी बांधली आणि कुणाकडून कुणाकडे गेली, हे कुणालाच धड सांगता येत नाही. ताई ते शोधत होत्या. पुण्यात बसून, महाविद्यालयातील तास सांभाळून.

हे वेड कुठून आले, असे मी पुढे त्यांना विचारले होते. ताईंचे वडील खडकीच्या कारखान्यात पत्राकाम करीत. ताई लहान असताना कुटुंबाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि मुलीने शिकायचे हे घरात ठरूनच गेले. एकदा रद्दीतून आणलेल्या विलायती मासिकात अशाच एका गाडीचे चित्र होते. खाली चालकाचे आणि मालकाचे नाव छापले होते. वडिलांनी गाडीच्या अंगावर बोट ठेवून विचारले, “कुमुद, हा पत्रा कुणी ठोकला ते लिहिलंय का गं?” ते लिहिलेले नव्हते. ताई अभियांत्रिकीच्या पदवीधर झाल्या, मोटारवाहन विभागात प्राध्यापक झाल्या, पण तो प्रश्न त्यांनी सोडला नाही.

ताईंच्या कामाची पद्धत अनेकांनी जवळून पाहिली आहे. ऐकीव गोष्ट त्या ऐकून घेत, पण धातू काय म्हणतो ते पाहिल्याशिवाय मत देत नसत. या पद्धतीची किंमत त्यांना कशी मोजावी लागली, ते मी पाहिले आहे, म्हणून ती हकिकत इथे सांगतो.

शहरातील एक उद्योजक, त्यांना आपण दिनकरराव म्हणू, यांनी वाघोलीला वाहनांचे मोठे दालन बांधायला घेतले होते. परदेशातून वस्तू आणणे आता सोपे झाले होते. दिनकररावांनी अमेरिकेतून एक जुनी स्ट्रीमलायनर आणवली. लालभडक रंगाची, आणि एका गाजलेल्या विक्रमाची मूळ गाडी म्हणून विकली गेलेली. उद्घाटनाआधी ताईंचा दाखला त्यांना हवा होता. ताईंनी मला बरोबर घेतले. तोवर त्यांची छायाचित्रे मी संगणकावर जुळवून देऊ लागलो होतो.

ताई गाडीखाली सतरंजीवर आडव्या झाल्या आणि विजेरीने तपासू लागल्या. बाहेर आल्यावर पदराने हात पुसत म्हणाल्या, “ही ती गाडी नव्हे.”

विक्रमी गाडीत चालक इंजिनाच्या पुढे बसत असे. या गाडीत बैठक आता पुढे होती खरी, पण मागच्या बाजूला जुन्या बैठकीचे आधार कापल्याच्या खुणा होत्या आणि वरून पत्र्याचे ठिगळ जोडले होते. लाल रंगाखाली मळकट हिरवा रंग होता. जुन्या बैठकीच्या डाव्या हाताला पत्रा आतून चेपला होता आणि कुणीतरी तो पुन्हा ठोकून सरळ केला होता.

दिनकरराव समजावणीच्या सुरात म्हणाले, “मॅडम, इथं कोण बघायला जातंय? एका सहीचा तर प्रश्न आहे.”

“मग तुम्हीच करा की. तुमचं अक्षर चांगलं असेल,” ताई म्हणाल्या.

ताई शिकवीत त्या महाविद्यालयाच्या कार्यकारिणीवर दिनकररावांचे वजन होते. त्या वर्षी विभागप्रमुखपद ताईंकडे येणार हे सर्वजण धरून होते. ते दुसऱ्याकडे गेले. मी संतापून काही बोललो तेव्हा ताई एवढेच म्हणाल्या, “अहो जोशी, ते झालं. पण ती हिरवी गाडी कुणाची होती, हे कळायला नको का?”

इंटरनेटवर अशा गाड्यांच्या शौकिनांचा एक गट होता. ताईंनी ठिगळाची, चेपल्या पत्र्याची आणि हिरव्या रंगाची छायाचित्रे तिथे पाठवली. बरेच महिने काही हाती आले नाही. मग एका वृद्ध गृहस्थांनी कळवले की अशी हिरवी गाडी दोन भावांनी आपल्या गॅरेजमध्ये बांधली होती. धाकटा रॉय तिच्यातच अपघातात गेला. थोरल्या वॉल्टरने अंत्यविधीनंतर ती मोडीत विकून टाकली. वॉल्टर अजून होते, मुलीकडे राहत होते.

ताईंनी फोन माझ्या कॅफेतूनच लावला, स्पीकर सुरू ठेवून. एका कोपऱ्यात उभे राहून मी ऐकत होतो. ताईंचे इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ. आपण कोण, कुठून बोलतो, हे सांगून त्यांनी गाडीचे वर्णन केले. वॉल्टरनी एकच विचारले, “डाव्या हाताला पत्रा चेपलाय का?”

“होय. पण कुणीतरी तो फार मायेने सरळ केलाय,” ताई म्हणाल्या.

“मी केला होता,” ते म्हणाले. “विकण्याआधी. तसा तो देववेना.”

फोन ठेवल्यावर ताई खुर्चीत बसून राहिल्या. त्यांचे डोळे भरून आलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

वॉल्टर मुलीला घेऊन पुण्यात आले, ते हिवाळ्याच्या दिवसांत. गाडी पाहू देण्यासाठी दिनकररावांकडे ताई स्वतः गेल्या. ज्यांनी आपले पद अडवले त्यांच्या केबिनबाहेर बसून राहायला त्यांना कमीपणा वाटला नाही. दिनकररावांनी “दहा मिनिटं” म्हणून परवानगी दिली आणि स्वतःही देखरेखीला येऊन उभे राहिले.

वॉल्टर काठी टेकत गाडीपाशी गेले. त्यांनी लाल रंगाकडे पाहिलेसुद्धा नाही. वाकून आत हात घातला, बोटांनी तो पत्रा शोधला आणि तळवा तिथेच ठेवून डोळे मिटले. मुलगी हलक्या आवाजात ताईंना सांगत होती की काकांचे नाव वडिलांच्या तोंडून तिने आयुष्यात मोजक्या वेळाच ऐकले आहे. त्या दिवशी मात्र वॉल्टर बोलत राहिले. रॉयला गाताना सूर कसा सापडत नसे, पत्रा ठोकताना तो कसा शिट्ट्या वाजवी, पहिल्यांदा गाडी सुरू झाली तेव्हा शेजारीण कशी भांडायला आली. ताई मध्ये मध्ये मराठीत आम्हाला सांगत होत्या. दहा मिनिटे केव्हाच उलटली होती. दिनकररावांनी कुणाला तरी खूण करून खुर्ची आणवली आणि ती स्वतः उचलून वॉल्टरमागे ठेवली.

जाताना दिनकरराव ताईंजवळ थांबले. “मॅडम, पाटीवर काय लिहायचं ते सांगा. स्पेलिंग चुकायला नको.”

आज त्या दालनात गाडीखाली दोन्ही भावांची नावे आहेत. विभागप्रमुखपद ताईंकडे पुढेही आले नाही आणि त्यांनी ते मागितलेही नाही. वॉल्टर नंतर काही वर्षांनी गेले. ते असेपर्यंत ताई त्यांना दर आठवड्याला फोन करीत.

माझ्यावरील त्यांच्या उपकारांबद्दल लिहायला मला संकोच होतो. माझी आई रुग्णालयात होती तेव्हा ताई महाविद्यालय सुटल्यावर थेट तिथे येत, बाहेरच्या बाकावर उत्तरपत्रिका तपासत बसत आणि मला घरी झोपायला पाठवत. आईला जाग आली की तिच्याशी भाजीच्या फोडणीवरून वाद घालत. आई म्हणे, “ही बाई इंजिनिअर असेल, पण हिच्या आमटीत हिंग कमी असतो.” आजारपणातले तिचे हसू मला ताईंमुळे आठवते.

या गौरवग्रंथाच्या वाचकांपैकी बरेच जण ताईंचे विद्यार्थी आहेत. कुणी कारखान्यांत, कुणी हिंजवडीला, कुणी सातासमुद्रापार. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत बेपर्वाईने काम करणारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

गेल्या महिन्यात ताईंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढायला आलेल्या डॉक्टरांना त्यांनी पहिला प्रश्न केला, “फोटो कधीपासून बघू?” एका मोडक्या सांगाड्याची छायाचित्रे ऑस्ट्रेलियाहून आली आहेत आणि ती घरी त्यांची वाट पाहत आहेत. पंच्याहत्तरी पूर्ण करणाऱ्या कुमुदताईंना प्रकृतीची उत्तम साथ मिळो, त्यांची नजर लख्ख राहो आणि त्यांना खूप, खूप वर्षे लाभोत. जगात अजून कितीतरी वॉल्टर फोनची वाट पाहत असतील.